चष्मेवाल्याची अर्धी रेल्वे

चष्मेवाला स्वतःबद्दल एक गोष्ट छातीठोकपणे सांगायचा: आपल्याला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नाही. गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवून बसवता बसवता तो हे सांगायचा, आणि काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसलेली त्याची बायको नेमकी त्याच वेळी हातातली काच जरा जास्त जोरात पुसायची.

खरं म्हणजे हेवा हा त्याचा जोडधंदा होता. समोरच्या दुकानदाराने डोळे तपासायचं आपोआप चालणारं मशीन आणलं, तेव्हा याचं पित्त महिनाभर खवळलेलं होतं. शेजारच्या शिंप्याच्या कुंडीतला गुलाब फुलला की हा त्या बाजूने जायचं टाळायचा. सख्ख्या थोरल्या भावाचे केस अजून काळे होते, आणि तो कलप लावतो हे सिद्ध करायला चष्मेवाल्याने एकदा त्याची उशी तपासली होती. पण यातलं काहीही तो हेवा म्हणून कबूल करत नसे. हेवा त्याच्या तोंडातून नेहमी मत होऊन बाहेर पडायचा. "मशीनला डोळ्यातलं काय कळतंय?" "गुलाबाला काय, पाणी घातलं की फुलतो." असा सगळा कारभार.

एकाच बाबतीत त्याला हेवा करायला जगात कुणी सापडलं नव्हतं. ती बाब म्हणजे दुकानाच्या वरच्या खोलीतली रेल्वे.

खोली ठेंगणी होती, एकाच खिडकीची. तिच्या तीन भिंतींना लागून चष्मेवाल्याने कमरेइतक्या उंचीवर फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्यावरून हाताच्या बोटाएवढे डबे ओढत गाड्या धावायच्या. डोंगर प्लास्टरचे, झाडं रंगवलेल्या स्पंजाची. स्टेशनाच्या खिडक्यांना भिंगं कापून उरलेल्या काचांचे तुकडे लावलेले होते, त्यामुळे आत उभा केलेला स्टेशनमास्तर एका खिडकीतून लठ्ठ दिसायचा आणि दुसरीतून काडीसारखा. सगळ्यांत जुनं काळं इंजिन त्याने लग्नाच्या वर्षी जुन्या बाजारातून आणलं होतं. बायको घरात आली आणि पाठोपाठ इंजिन आलं. आधी इंजिन आलं असतं तर आपण आलो असतो का, हा प्रश्न तिने कधी विचारला नाही.

ही रेल्वे जुन्या पद्धतीने चालायची. म्हणजे एक काळा डबा, त्याच्यावर एक गोल बटण. बटण फिरवलं की रुळात वीज जायची, आणि रुळावर जे कुठलं इंजिन असेल ते निमूटपणे निघायचं. दोन इंजिनं असली तर दोन्ही निघायची, कारण वीज रुळाची होती, इंजिनाची नाही. म्हणून दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रुळांचे तुकडे पाडावे लागत आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच लावावा लागे. एकाने बटण सांभाळायचं, दुसऱ्याने स्विच. बटण अर्थातच चष्मेवाल्याच्या हातात असायचं. स्विचची पाटी खिडकीखाली होती. तिथे एका स्टुलावर बायको बसायची.

"दोन चालू."

"चालू."

"चार बंद."

"बंद."

रविवारी दुपारी दुकानाचं शटर खाली आलं की वर हे सुरू व्हायचं. इतर नवरा-बायकोंमध्ये याहून फार निराळं बोलणं होतं असं नाही. बायको हातासरशी मटार सोलायची, उसवलेली शिवण घालायची, आणि स्विच मात्र कधी चुकवायची नाही. दुकानातही ती तशीच होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याचा चेहरा एकदा बघायची आणि भिंतीवरच्या शेकडो फ्रेमांतून बरोबर त्याला शोभणारी काढून समोर ठेवायची. चष्मेवाला तरीही आणखी दहा फ्रेमा दाखवायचा आणि गिऱ्हाईक शेवटी तीच पहिली घ्यायचं.

"आमच्याकडे दोघांशिवाय गाडी हलत नाही," हे तो अभिमानाने सांगायचा. त्यात त्याचं प्रेम होतं. आणि खरं सांगायचं तर रेल्वेपेक्षाही त्याला तो रविवार प्यारा होता. ती खिडकीखाली, आपण बटणापाशी, आणि आपण म्हटलं की "चालू" असा तिचा आवाज. दुसरं काही गेलं असतं तरी त्याने सोसलं असतं. हे गेलं तर मात्र आपलं कठीण आहे, हे त्याला आतून ठाऊक होतं.

मग साडूने रेल्वे केली.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालूनही त्याची नखं स्वच्छ असायची, इथूनच चष्मेवाल्याचं त्याच्याशी बिनसलं होतं. शिवाय तो सगळ्यांना आवडायचा, आणि आवडण्यासाठी काहीच करायचा नाही. एकदा तो रेल्वे बघायला आला, बोगद्यासमोर उकिडवा बसला आणि मनापासून म्हणाला, "साडूभाऊ, हे म्हणजे कमाल केलीत तुम्ही!" झालं. चष्मेवाला हवेत. रूळ कुठे मिळतात, प्लास्टर किती पातळ कालवायचं, वळणाला उतार कसा द्यायचा, सगळं त्याने भडाभडा सांगून टाकलं आणि आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

काही महिन्यांनी साडूने दोघांना बोलावलं. चष्मेवाला गेला तो चुका काढायच्या तयारीनेच, आणि साडूने त्याला निराश केलं नाही. उघडं प्लायवूड, खाली लोंबणाऱ्या वायरी, झाड औषधाला नाही. बोगदा म्हणजे बुटांचं खोकं. चष्मेवाल्याच्या जिवाला बरं वाटलं. एवढ्यात साडूने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला एक रिमोट काढला आणि तो चष्मेवाल्याच्या बायकोच्या हातात दिला.

"ताई, हे हिरवं इंजिन तुमचं."

"माझं म्हणजे?"

"म्हणजे ते फक्त तुमचंच ऐकणार. डिजिटल आहे ना. रुळात वीज कायम असते. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप आहे, ती आपला नंबर ओळखते. बाकीची दोन तिथेच उभी राहतील, बघा तुम्ही."

बायकोने घाबरत घाबरत रिमोटवरचं चाक फिरवलं. एकाच रुळावर तीन इंजिनं उभी होती, आणि त्यांतलं एकटं हिरवं निघालं. कुणी काही चालू केलं नाही, कुणी काही बंद केलं नाही. तिने एक बटण दाबलं तर इंजिनाने शिट्टी दिली. ती दचकली, आणि मग हसली.

ते हसू चष्मेवाल्याच्या ओळखीचं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिची सगळी हसू त्याला पाठ झाली होती. गिऱ्हाइकासाठीचं, बहिणीबरोबरचं, आणि तो विनोद करतो तेव्हाचं समजूतदार. हे कुठल्याच खणातलं नव्हतं.

"साडूभाऊ, तुम्ही पण घ्या ना एक," साडू म्हणाला.

"नको, नको. मला त्यात काय बघायचंय?"

घरी येताना तो रस्त्यात म्हणाला, "प्लायवूड नुसतं उघडं टाकलंय."

"हो."

"एक झाड नाही."

"नाही."

"बुटाचं खोकं! बोगदा म्हणे."

"शिट्टी मात्र छान होती," बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी ती बहिणीकडे गेली. त्याच्या पुढच्याही गेली. सांगून जायची, वेळेत परत यायची, येताना काहीतरी खायला आणायची. तक्रारीला जागाच ठेवत नव्हती. आणि घरात एक नवीन वाक्य ये-जा करायला लागलं: भाऊजी म्हणतात. भाऊजी म्हणतात, इंजिन एकदम थांबवायचं नाही, हळूहळू थांबवायचं. भाऊजी म्हणतात, माझा हात हलका आहे. चष्मेवाल्याला घास गिळणं मुश्कील झालं. वर त्याची रेल्वे बंद पडल्यातच जमा होती. एकट्याने बटण फिरवायचं, धावत खिडकीखाली जाऊन स्विच टाकायचा, परत धावत यायचं, तोवर गाडी बोगद्यात अडकलेली. "दोन चालू," असं तो सवयीने मोठ्याने म्हणायचा आणि मग स्वतःच ओशाळून जाऊन चालू करायचा.

अशात साडूच दुकानात आला. जवळचं दिसेनासं झालंय म्हणाला, चिपच्या वायरी हाताला सापडत नाहीत. बायको बँकेत गेली होती. चष्मेवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, भिंगं बदलायची ती जड लोखंडी फ्रेम त्याच्या नाकावर चढवली, आणि आता साडू पुरता आपल्या ताब्यात आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

"हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आमची ही काय म्हणते तुमच्याकडे?"

"ताई? काही नाही. गाडी चालवतात."

"बोलते-बिलते की नाही?"

"बोलतात की. इंजिनाशी. साडूभाऊ, हे अंधूक झालं."

"असू द्या जरा अंधूक. घाई करून चालत नाही. आणि हसते का?"

साडूने त्या जाडजूड फ्रेमेतून त्याच्या दिशेने पाहिलं. त्याला नक्कीच एक धूसर ठिपका दिसत असणार. "तुमचंही डिजिटल करून टाका ना," तो म्हणाला. "मी येतो. दोन-तीन रविवारांचं काम आहे."

"आणि माझे स्विच?"

"स्विच कशाला लागतात मग? एकटा माणूस सगळं चालवू शकतो."

एकटा माणूस. साडू हे किती सहज बोलून गेला! चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हातात भिंग होतं, ते त्याने जपून खोबणीत ठेवलं.

"एक सांगतो," साडू पुढे म्हणाला, "करायचं तर सगळं करा. नाहीतर आहे ते जुनंच झकास आहे, त्याला हात लावू नका. दोन्ही एका रुळावर मात्र नको."

नंबर त्याने साडूला अगदी बरोबर दिला. हेव्यापायी चुकीचा नंबर देण्याइतका तो खाली उतरला नव्हता. फक्त बायको परत यायच्या आत फ्रेम स्वतः निवडून दिली, आणि ती साडूला अजिबात शोभत नव्हती.

त्यानंतर चष्मेवाला विचार करायला लागला. सगळं डिजिटल करावं, तर साडू जिंकला. सगळं जुनं ठेवावं, तर बायको दर रविवारी तिकडे. या दोन्हींच्या मधून त्याने असा काही मार्ग काढला, की जो फक्त हेव्याने आंधळा झालेल्या आणि स्वतःला फार हुशार समजणाऱ्या माणसालाच सुचू शकतो. त्याने रेल्वेची वाटणी केली.

मुख्य लाइन, मोठं स्टेशन आणि डोंगर जुन्या पद्धतीचे, म्हणजे त्याचे. खिडकीकडे जाणारा फाटा आणि त्याच्या टोकाचं छोटं स्टेशन डिजिटल, म्हणजे तिचे. फाटा जिथे सुरू व्हायचा तिथे त्याने दोन्ही रुळांना बारीक करवतीने काप दिला आणि कापात प्लास्टिकची चकती बसवली, की इकडची वीज तिकडे जायला नको. तिच्यासाठी एक लाल इंजिन आणलं, चिपवालं. साडूला पत्ता लागू न देता, माहितीपत्रक वाचून, घाम गाळून त्याने एकट्याने सगळं जोडलं. आणि एका रविवारी, ती पायात चप्पल घालत असताना तो म्हणाला, "जरा वर ये. मग जा हवं तर."

ती वर आली. त्याने रिमोट पुढे केला.

"हे लाल तुझं. या कापाच्या पलीकडे सगळं तुझं, अलीकडे माझं. फक्त एक लक्षात ठेवायचं. चाक इकडचं तिकडे जाता कामा नये. चाकं लोखंडाची. पुढची पलीकडे आणि मागची अलीकडे राहिली की दोन्ही विजा एकमेकींना भिडणार, आणि तुझी चिप जळून जाणार."

बायकोने वाकून तो काप बघितला. "घरातल्या घरात वेस?" ती म्हणाली. पण तिने चप्पल काढली होती.

त्या दिवशी ती गेली नाही. पुढेही गेली नाही. बहिणीचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, "अगं, यांनी मला घरीच करून दिलंय." चष्मेवाला शेजारी उभा राहून ऐकत होता. तो दिवसभर शीळ घालत होता, आणि संध्याकाळी शिंप्याच्या गुलाबाकडे बघून चक्क "छान आहे हो," म्हणाला.

हे सुख दोनेक रविवार टिकलं. कारण आता ती समोर होती, आणि समोर असूनही तिथे नव्हती.

ती आपल्या फाट्यावर रमली. लाल इंजिन छोट्या स्टेशनात इतकं अलगद आणायची की डबा डब्याला टेकल्याचा आवाजही होत नसे. एक डबा बाजूला काढून ठेवायची, पुन्हा जोडायची. फलाटावर तिने शर्टाच्या बटणांची बाकं केली. आणि ती इंजिनाशी बोलायची. "चल बाई. हळू. हां, बास, बास." इतक्या मऊ आवाजात ती आपल्याशी शेवटचं कधी बोलली होती, ते चष्मेवाल्याला आठवेना. तो इकडे बटण आणि स्विच यांच्यात धावत होता. "ऐकलंस का, माझी गाडी बोगद्यातून निघाली," तो म्हणायचा. "अं? हो का," ती म्हणायची, मान वर न करता.

तेव्हा त्याला कळलं, की हेवा साडूचा नव्हताच. साडू बिचारा नुसता मधे सापडला होता. हेवा तिचा होता. त्या खोलीत, त्याने ठोकलेल्या फळीवर, त्याच्याशिवाय ती इतकी मजेत होती याचा. साडूवर निदान रागावता तरी येत होतं. बायको सुखात आहे म्हणून तिच्यावर रागवायचं, तर कुठल्या तोंडाने? तो मूग गिळून बसला आणि आतल्या आत जळत राहिला.

आणि एका रविवारी ते झालं.

काळं इंजिन दोन डबे घेऊन मुख्य लाइनवरून फिरत फिरत फाट्याच्या तोंडाशी आलं. लाल इंजिन पलीकडे फलाटाला उभं होतं, दिवे लावून. ती नखाने एका डब्याची कडी सोडवत होती. चष्मेवाल्याने काळं इंजिन कापाच्या अलीकडे थांबवलं.

"मी येतोय हं तुझ्या स्टेशनात," तो म्हणाला.

ती कडीशीच खटपट करत राहिली.

"येतोय बरं का."

कडी अडकली होती. तिने मान आणखी खाली घातली. आता ती वर बघेल, त्याला वाटलं. आता म्हणेल, अहो, थांबा, हे काय करताय? तेवढंच हवं होतं त्याला. तिने एकदा घाबरून आपल्याकडे बघावं, हात पुढे करावा, "थांबा" म्हणावं. त्याने बटण फिरवलं. जाणूनबुजून फिरवलं असं म्हणावं तर त्याला ते म्हणवलं नसतं, आणि चुकून फिरवलं असं तर मुळीच नाही. काळं इंजिन सावकाश निघालं. पुढची चाकं कापावरून पलीकडे गेली.

टच् असा आवाज झाला. लाल इंजिनाने जागच्या जागी एक हिसका दिला आणि त्याचे दिवे गेले. तिच्या फाट्याला वीज देणाऱ्या डिजिटल पेटीवरचा हिरवा ठिपका विझला. जळक्या प्लास्टिकचा वास खोलीत पसरला. काळ्या इंजिनाला काहीही झालं नव्हतं. ते एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकून उभं होतं.

बायकोने रिमोट उचलला. चाक फिरवून बघितलं. शिट्टीचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग तिने रिमोट फळीवर ठेवला, हात पुसले आणि जिन्याकडे गेली.

"अगं, विसरलोच मी कापाचं," तो मागून म्हणाला.

"हं," ती म्हणाली आणि खाली उतरली.

आठवडाभर ती भांडली नाही. दुकानात फ्रेमा काढून देत होती, वेळेवर जेवायला वाढत होती. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढचा रविवार आला. ती बहिणीकडे जाईल असं चष्मेवाल्याने धरलंच होतं. पण ती जिना चढून वर आली, खिडकीखाली जुन्या स्टुलावर जाऊन बसली, आणि स्विचवर हात ठेवून म्हणाली, "बोला."

त्याला हवं होतं ते नेमकं हेच. ती तिथे, आपण इथे. तो बटणापाशी जाऊन उभा राहिला.

"दोन चालू."

"चालू."

"चार..."

त्याने वळून स्टुलाकडे बघितलं. तिने मटार आणले नव्हते, शिवण आणली नव्हती. सांगितलेलं करायचं एवढ्यासाठी ती बसली होती. नोकरीवर बसतात तशी.

"मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दोनदा म्हणालात ना, येतोय म्हणून. दोन्ही वेळा ऐकलं मी. मुद्दाम वर बघितलं नाही."

"अगं, मग थांबवायचंस ना मला!"

"म्हटलं, बघू तरी. मी न सांगता थांबताय का."

चष्मेवाल्याने काळ्या डब्याचं बटण शून्यावर आणलं, आणि जे त्याने उभ्या आयुष्यात कुणापाशी कबूल केलं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मला हेवा वाटला."

"कुणाचा? भाऊजींचा?"

"आधी त्याचा. मग तुझा."

बायकोने स्विचवरचा हात काढून मांडीवर घेतला. "माझा वाटला," ती म्हणाली. "मी तुमचा इतकी वर्षं करत आले. तुमच्या हातातल्या त्या बटणाचा. इथे बसून. एकदा तरी म्हणाल, ये, तू फिरव. नाही म्हणालात. मी काही त्यापायी तुमचं इंजिन जाळलं नाही."

आपल्याला जगातला सगळा हेवा ठाऊक आहे अशी त्याची समजूत होती, आणि चार हातांवर, दर रविवारी, मटार सोलत बसलेला हेवा त्याला दिसला नव्हता. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस तो.

"आता करायचं तर सगळं करा," ती उठत म्हणाली. "नाहीतर मोडून टाका. माझं-तुमचं अर्धं अर्धं नको मला."

साडूकडे जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. तरी गेला. सगळं सांगितलं, कापासकट. साडू "मी म्हटलं नव्हतं का?" असं म्हणेल म्हणून त्याने चार उत्तरं तयार ठेवली होती. साडू म्हणाला, "रविवारी येतो." उत्तरं वाया गेली आणि त्यामुळे त्याला आणखीच राग आला.

साडू खरंच आला, पुन्हा पुन्हा आला. स्विचची पाटी निघाली. काप तांब्याच्या तारेने जोडले गेले. लाल इंजिनाला नवीन चिप बसली आणि मग साडूने काळं इंजिन उघडून त्याच्या पोटात हात घातला. चष्मेवाला बॅटरी धरून शेजारी उभा होता. लग्नाच्या वर्षापासून त्या इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. दहा वेळा तोंडाशी आलं, "द्या, मी करतो," आणि दहा वेळा गिळलं. साडू ती न शोभणारी फ्रेम नाकावर सावरत, मान मोडून, घाम पुसत जोडत होता. चष्मेवाल्याला त्या फ्रेमेकडे बघवेना. जाताना त्याने साडूला दुकानात थांबवून बायकोसमोर उभं केलं, आणि म्हणाला, "यांना एक बरी काढून दे गं." तिने एकदा साडूकडे बघितलं आणि पहिल्या फटक्यात काढून दिली.

काम पुरं झालं. पहिली गाडी सुटायची त्या रविवारी साडूने "येऊ का बघायला?" असं विचारलं. "पुढच्या रविवारी या," चष्मेवाल्याने सांगितलं. सुधारणार म्हणजे माणूस किती सुधारणार?

दोघं वर आली. एक रिमोट तिच्या हातात, एक त्याच्या. स्टूल कोपऱ्यात सरकवलेलं होतं, दोघंही उभी होती. डिजिटलची एक गोष्ट त्याला तेव्हा नीट कळली. रुळात सगळीकडे सतत वीज असल्यामुळे आता मधे कुठे काही बंद नव्हतं. पूर्वी स्विच बंद असला की गाडी आपोआप थांबायची. आता दोन इंजिनं एकमेकांवर चालून गेली तर त्यांना अडवणारं काही नव्हतं, चालवणाऱ्यांच्या डोळ्यांशिवाय.

लाल इंजिन डोंगरावरून उतरत होतं. काळं मोठ्या स्टेशनातून निघालं होतं. दोघांनाही छोट्या स्टेशनाच्या फाट्यात शिरायचं होतं आणि तिथे रूळ एकच होता. चष्मेवाल्याने अंदाज घेतला. आपण जवळ आहोत. जरा वेग दिला तर आपण आधी आत. मग तिला बाहेर थांबावं लागेल. तिच्या स्टेशनात आपण आधी. विचार मनात आला तसा अंगठा चाकावर पुढे गेलासुद्धा.

त्याने बायकोकडे बघितलं. ती या वेळी त्याच्याकडेच बघत होती. तोंडाने काही बोलत नव्हती.

अंगठा मागे घेताना त्याला खरोखर त्रास झाला. काळं इंजिन हळूहळू मंदावलं आणि फाट्याच्या अलीकडे उभं राहिलं. लाल इंजिन डोंगरावरून उतरून त्याच्या नाकासमोरून फाट्यात शिरलं, फलाटाला लागलं, आणि उभं न राहता आणखी थोडं पुढे गेलं. मग थांबलं. मागे एक गाडी मावेल एवढा फलाट मोकळा राहिला होता.

"या आता," ती म्हणाली. "पुढे घेतलीय मी." आणि तिने शिट्टी दिली.

तिच्या इंजिनाची शिट्टी आपल्या इंजिनापेक्षा गोड आहे, हे चष्मेवाल्याला तेवढ्यातही खुपलं. पण तो गेला.